बहावा ते बहुरूपी

पानाच्या माथ्यावर एवढंच: बहावा – बहुरूपी.
मधे दाबून बसवलेली दीडशे शब्दांची नोंद, बहिष्कार.
तिच्या वर बहिरी ससाणा, पंखांचा विस्तार सेंटिमीटरमध्ये.
शाई ओली. वाईतली दुपार.
कृष्णेवर धुणं बडवल्याचा आवाज
कोशाच्या कचेरीत तिसऱ्या खिडकीपर्यंत यायचा,
चौथीपर्यंत नाही.
मी चौथीत बसायचे.

मुद्रितशोधकाला अर्थाचा पगार नसतो,
वेलांट्यांचा असतो.

नोंद सांगलीच्या कुणा प्राध्यापकांची, अक्षर मुंगीचं.
लिहिलं होतं, मध्ययुगातल्या ख्रिस्ती राज्यांत
बिशप नेमायचा कोणी, यावरून राजाचं नि पोपचं बिनसलं
की कधीकधी पोप राज्यावरच धर्मबंदी घाली.
चर्चची दारं लागत.
घंटा मुक्या. लग्नं उंबऱ्याबाहेर.
मेलेल्याला पवित्र माती नाही, रस्त्याकडेच्या चरात पुरायचं.
तान्ह्याला बाप्तिस्मा आणि मरणाऱ्याला कबुलीजबाब,
एवढी सवलत.
राजाचं जेवण चुकल्याचा उल्लेख नाही.

पुढची ओळ शंभू जंगमनं खिळ्यांत अशी जुळवली होती:
‘सहा वर्षे त्या राज्यात प्रजा बंद होती.’

पूजा हवं होतं.
लाल पेन्सिल टेकवली, आणि टेकवलेलीच राहिली.

आमच्याकडे अकरा वर्षं होती.
ठकूआत्या धरणावर सुरुंग लावणाऱ्या एका परजातीच्या माणसाबरोबर
कोयनानगरला निघून गेली, पंचांच्या हाताबाहेर.
म्हणून मग आम्ही.
कुणी ओरडलं नाही, दगड मारला नाही.
फक्त आमचं जोंधळं गेलं की गिरणीचा पट्टा तुटायचा.
न्हाव्याचा वस्तरा नेमका धारेला दिलेला.
माझ्या बहिणीला बघायला आलेले पाहुणे
वेशीवरच्या टपरीत चहा पिऊन परत फिरले,
कपबशीचे पैसे मात्र आमच्या नावावर.
आजोबा गेले तेव्हा घरचे तीन खांदे.
चौथा बाबालाल मुलाणी पोस्टमनचा,
सायकल बांधाला टेकवून, खाकी टोपी तशीच डोक्यावर.
त्या दिवशी गावाची टपाल उशिरा वाटली गेली.
त्याबद्दल अर्ज झाला.

नोंदीत शेवटी राजा गुडघे टेकतो,
मुकुट काढून देतो, खंडणी कबूल करून परत घेतो.
दादांनी एकशे एक रुपये दिले, एक नारळ,
आणि बहिणीचं नाव पुन्हा तोंडी आणणार नाही असा शब्द.
मग पंच आमच्या ओसरीवर चहा प्यायले.
साखर कमी पडली म्हणाले.

शंभूनं आतून हाक दिली, गॅली झाली का?
मी ‘प्र’ खोडला. समासात ‘पू’ लिहिला. खाली सही.

संध्याकाळी सायकल काढून मेणवलीला गेले.
घाटावर ती मोठी घंटा आहे, वसईच्या चर्चमधून आणलेली म्हणतात.
तिच्यावर बाळ कडेवर घेतलेली एक बाई.
किती वर्षं महादेवासाठी वाजतेय,
तिला कुणी विचारलं नसेल.
गुरव म्हणाला, वाजवा की, इथं कुणाला बंदी नाही.
मी एक टोल दिला.
पलीकडच्या काठावर म्हैस धुणाऱ्यानं मान वर केली,
पुन्हा म्हैस धुवायला लागला.

दोन वर्षांनी खंड छापून आला. पान बरोबर आहे.
शुद्धिपत्रात ती ओळ नाही.
एक प्रत आत्याला पाठवावी असं फार मनात होतं.
क्वार्टरचा नंबर दादांना ठाऊक असणार.
मी विचारला नाही.